मांजराचा आहार, पिल्लापासून म्हातारपणापर्यंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे आकडे घरात राहणाऱ्या निरोगी देशी मांजरांसाठी आहेत. देशी मांजरी साधारण अडीच ते साडेतीन किलोची आणि बोका साडेतीन ते पाच किलोचा असतो. मांजराला मूत्रपिंड, मधुमेह किंवा थायरॉइडचा त्रास असेल, तर आहार पशुवैद्याला विचारूनच ठरवा.

दूध-पोळी, दूध-भात खाऊन आमच्याकडची मांजरं वर्षानुवर्षं जगली. मग आता काय बिघडलं?

ती मांजरं दिवसभर बाहेर असायची. उंदीर, पाली, चिमण्या, टोळ खायची आणि दूध-पोळी वरकड म्हणून घ्यायची. एका उंदरात साधारण ३० किलोकॅलरी असतात. त्यात स्नायू, काळीज, यकृत, हाडं हे सगळं योग्य प्रमाणात येतं, आणि दिवसाला आठ-दहा शिकारी झाल्या की मांजराची गरज भागते. फ्लॅटमधल्या मांजराला हा जोडधंदा नाही. त्याला दूध-पोळीच मिळाली तर पोट भरतं, पण शरीर हळूहळू रिकामं होत जातं. आणि ते लवकर कळतही नाही.

मांजर पक्कं मांसाहारी आहे. माणूस किंवा कुत्रा जे पदार्थ स्वतःच्या शरीरात तयार करतो, त्यातले बरेच मांजराला आयते लागतात. टॉरीन हा मांसातून मिळणारा पोषक घटक त्याच्या शरीरात पुरेसा बनत नाही. गाजरातल्या कॅरोटीनपासून त्याला अ जीवनसत्त्व करता येत नाही, ते प्राण्यांच्या अवयवांतूनच मिळावं लागतं. अ‍ॅराकिडोनिक आम्ल हा स्निग्ध घटक फक्त प्राणिज चरबीतून मिळतो. उन्हात कितीही लोळलं तरी त्वचेत पुरेसं ड जीवनसत्त्व तयार होत नाही. आर्जिनीन या अमिनो आम्लाची गोष्ट तर आणखी गंभीर आहे. ते अजिबात नसलेलं एकच जेवण दिलं तरी काही तासांत रक्तात अमोनिया वाढून मांजर आजारी पडतं.

दुधाचं म्हणाल, तर दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांची दुधातली साखर पचवण्याची क्षमता घटते. काहींना जुलाब होतात, काहींना होत नाहीत. ज्याला सोसतं त्याला चमचाभर दूध किंवा दही देऊन नुकसान होत नाही. मात्र ते जेवण नव्हे.

टॉरीनबद्दल एवढं का सांगितलं जातं?

कारण त्याची कमतरता डोळे आणि हृदय दोन्ही घालवते. टॉरीन नसलेल्या आहारावर मांजराच्या डोळ्याचा पडदा झिजतो, हे १९७५ मध्ये दाखवलं गेलं. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी हृदय फुगून निकामी होण्याचा मांजरांतला आजार टॉरीनच्या कमतरतेशी जोडला. ती मांजरं तर तयार खाद्य खात होती. त्यानंतर कंपन्यांनी खाद्यातलं टॉरीन वाढवलं आणि हा आजार एकदम घटला. हृदयाचं नुकसान वेळेत सापडलं तर बऱ्याचदा भरून येतं, गेलेली नजर मात्र परत येत नाही.

घरच्या स्वयंपाकासाठी यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. टॉरीन पाण्यात विरघळतं. चिकन उकडून पाणी ओतून दिलं तर टॉरीनचा मोठा वाटा मोरीत जातो. ते पाणी मांसासोबतच द्या.

आम्ही शाकाहारी आहोत. मांजराला शाकाहारी ठेवता येईल का?

घरी रांधलेल्या शाकाहारी जेवणावर नाही. पनीर, सोयाबीन, डाळी, अंडी यांतून प्रथिनं मिळतात, पण टॉरीन, अ जीवनसत्त्व आणि अ‍ॅराकिडोनिक आम्ल यांचा मेळ बसत नाही. अंड्यातही टॉरीन नगण्यच असतं. स्वयंपाकघरात मांस नको असेल तर विकतचं तयार संपूर्ण खाद्य, म्हणजे मांजराला लागणारे सगळे घटक असलेलं, हा सोपा मार्ग आहे. दाणे आणि पाउच बाल्कनीत किंवा वेगळ्या कपाटात ठेवा, मांजराची ताटली, चमचा आणि कात्री वेगळी ठेवा, भांडी बाहेरच्या नळावर धुवा. अनेक शाकाहारी घरांत हे वर्षानुवर्षं नीट चालतं. तेही मान्य नसेल, तर ससा किंवा पक्षी पाळणं त्या जिवाला जास्त न्याय देणारं ठरेल.

आईविना सापडलेलं पिल्लू आहे, डोळेही उघडले नाहीत. काय पाजू?

पाजण्याआधी त्याला हात लावून बघा. पिल्लू थंड असेल, तोंडात बोट घातल्यावर आतून गार लागत असेल, तर दूध अजिबात देऊ नका. शरीराचं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की आतडी थांबतात. पोटातलं दूध नासतं किंवा उलटून फुप्फुसात जातं. टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी शेजारी ठेवून त्याला तासा-दोन तासांत हळूहळू ऊब द्या. चुळबुळ करून चोखायला लागलं की मगच पाजा.

दूध मांजराच्या पिल्लांसाठीचं पावडरचंच घ्या. पशुवैद्याकडे, प्राण्यांच्या दुकानात आणि ऑनलाइन मिळतं. गाईच्या दुधात मांजरीच्या दुधाच्या निम्म्याहूनही कमी प्रथिनं असतात आणि साखर त्या मानाने जास्त. त्यामुळे पिल्लू जुलाबांनी सुकतं किंवा वाढतच नाही. रात्री दुकानं बंद असतील तर बकरीच्या दुधावर एक रात्र काढता येते, पण ती एका रात्रीचीच सोय आहे.

प्रमाण असं धरा. दर १०० ग्रॅम वजनामागे दिवसाला साधारण २० किलोकॅलरी. तयार केलेल्या दुधात मिलिलिटरमागे साधारण ०.८ ते १ किलोकॅलरी असते. म्हणजे २०० ग्रॅमच्या पिल्लाला दिवसभरात ४० ते ५० मिली. एका वेळी दर १०० ग्रॅमला ४ मिलीपेक्षा जास्त नको, कारण पोटात तेवढीच जागा असते. या पिल्लाला ८ मिली असं सहा वेळा. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. दुसऱ्या आठवड्यात तीन-चार तासांनी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात चार ते सहा तासांनी.

पाजताना पिल्लू पोटावर असावं, आईच्या कुशीत असतं तसं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. दूध श्वासनलिकेत जातं आणि दोन दिवसांत न्यूमोनिया होतो. दूध अंगाइतकं कोमट, ३८ अंशांच्या आसपास हवं. सिरिंज वापरत असाल तर दट्ट्या दाबू नका, पिल्लाच्या चोखण्याबरोबर थेंब-थेंब सोडा. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा. प्रत्येक वेळी पाजल्यावर कोमट ओल्या कापसाने शी-शूची जागा हलकेच पुसा. साधारण तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला ते आपणहून करता येत नाही.

रोज एकाच वेळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा आणि लिहून ठेवा. जन्मताना वजन १०० ग्रॅमच्या आसपास असतं आणि रोज १० ते १५ ग्रॅम वाढायला हवं. एक दिवस वजन अडलं तर दूध आणि ऊब तपासा. वजन घटलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. इतकं लहान पिल्लू दुसऱ्या दिवसाची वाट पाहू शकत नाही.

पिल्लं दुधावरून खाण्यावर कधी आणायची?

साडेतीन-चार आठवड्यांनी सुरुवात करा. पिल्लांसाठीच्या दाण्यांचा एक भाग, कोमट पाण्याचे दोन-तीन भाग, अर्धा तास भिजत ठेवून मऊ लगदा करा आणि पसरट बशीत द्या. पहिले काही दिवस पिल्लं त्यात पाय घालतील, अंगाला माखून घेतील. त्यांचं तोंड बशीत दाबू नका, बोटाने ओठाला थोडं लावा. दर तीन-चार दिवसांनी पाणी कमी करत जा. सात-आठ आठवड्यांपर्यंत पिल्लू पूर्ण खाण्यावर येतं.

याच वयात चवी आणि पोत ठरतात. सहा महिन्यांचं होईपर्यंत त्याने कोरडे दाणे, पाउचमधलं ओलं खाद्य, चिकन, मासा असं सगळं चाखलेलं असेल, तर पुढे आजारपणात आहार बदलणं सोपं जातं. फक्त एकाच ब्रँडच्या दाण्यांवर वाढलेलं मांजर दहा वर्षांनी मूत्रपिंडाचं खाद्य नाकारतं, तेव्हा ही गोष्ट फार जाणवते.

वर्षाचं होईपर्यंत किती आणि किती वेळा?

सहा महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा, पुढे दोन-तीन वेळा. पाकिटावर पिल्लांसाठीचं किंवा सर्व वयांसाठीचं असं लिहिलेलंच खाद्य घ्या. अमेरिकेतल्या आफको या संस्थेच्या निकषांनुसार, ओलावा वगळून, वाढीच्या वयात किमान ३० टक्के प्रथिनं आणि १ टक्का कॅल्शियम लागतं. मोठ्या मांजराला २६ आणि ०.६ टक्के पुरतं.

एक किलोच्या पिल्लाला दिवसाला साधारण १७५ किलोकॅलरी लागतात, म्हणजे ४५ ग्रॅमच्या आसपास दाणे. दोन किलोच्या, चार-पाच महिन्यांच्या पिल्लाची गरज २३५ ते २९५ किलोकॅलरी. चार किलोच्या नसबंदी झालेल्या मोठ्या मांजराला लागतं तेवढं किंवा त्याहून जास्तच! म्हणून या वयात हात आखडू नका. महिन्याला साधारण ४५० ग्रॅम वजन वाढत असेल तर गाडी रुळावर आहे.

पिल्लाला रोज उकडलेलं चिकन देतो, तरी ते लंगडतंय. असं कसं?

चिकनमुळेच. म्हणजे फक्त चिकन दिल्यामुळे. १०० ग्रॅम शिजलेल्या बोनलेस चिकनमध्ये कॅल्शियम साधारण १५ मिलिग्रॅम आणि फॉस्फरस २०० मिलिग्रॅमच्या वर असतं. पिल्लाला दोन्ही जवळपास सारख्या प्रमाणात हवं असतं. रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर ते हाडांतून काढू लागतं. हाडं कागदासारखी पातळ होतात. पिल्लू उडी मारायचं टाळतं, पाठीला हात लावला की ओरडतं आणि सोफ्यावरून उतरतानाही हाड मोडतं. प्रेमाने, खर्च करून खाऊ घालणाऱ्या घरांत हे होतं, म्हणून फार वाईट वाटतं.

लंगडणाऱ्या पिल्लाचा एक्स-रे काढा, काही आठवडे उड्या बंद करून लहान जागेत ठेवा आणि संपूर्ण पिल्लू-खाद्यावर आणा. बहुतेक वेळा हाडं पुन्हा भरतात. मनाने कॅल्शियमचं सिरप सुरू करू नका, त्यात जास्तीचा धोका कमतरतेएवढाच आहे.

मोठ्या मांजराला चिकन-भात जुलाबाच्या दोन-तीन दिवसांपुरता ठीक. कायम घरचंच द्यायचं ठरवलं असेल तर पशुपोषणतज्ज्ञाकडून ग्रॅममध्ये लिहिलेली कृती घ्या, ज्यात कॅल्शियम, टॉरीन, जीवनसत्त्व ई आणि बी-१, आयोडीन, झिंक यांचा हिशेब असेल. अंड्याच्या टरफलाची पूड घातली म्हणजे सगळं जमलं, असं नाही. तिने एकट्या कॅल्शियमची सोय होते.

मांजरी गाभण आहे. वेगळं काय द्यायचं?

पिल्लांसाठीचं खाद्य. गाभण असल्याचं कळल्या दिवसापासून पिल्लं दूध सोडेपर्यंत. कुत्रीचं वजन शेवटच्या काही आठवड्यांत वाढतं, मांजरीचं मात्र सुरुवातीपासूनच सारखं वाढत जातं. ६३ ते ६५ दिवसांत मूळ वजनाच्या साधारण ४० टक्के भर पडते. ती साठवण पुढे दूध पाजताना वापरली जाते. शेवटच्या दिवसांत पोटात जागा नसते, म्हणून थोडं-थोडं पुष्कळदा द्या.

पिल्लं तीन-चार आठवड्यांची असताना तिची गरज सर्वाधिक, नेहमीच्या दुप्पट-तिप्पट असते. तेव्हा मोजू नका, दिवसरात्र खाद्य आणि पाणी समोर ठेवा. दाराशी विणलेल्या भटक्या मांजरीलाही हेच लागू. तिला दुधाची वाटी देण्यापेक्षा भिजवलेले पिल्लू-दाणे द्या, दूध तीच तयार करेल.

नसबंदीनंतर मांजर जाड होतंच का?

आपण खाणं तेवढंच ठेवलं तर होतं. शस्त्रक्रियेनंतर ऊर्जेची गरज २० ते ३० टक्क्यांनी घटते आणि भूक मात्र काही दिवसांतच वाढते. टाके निघायच्या सुमारास भरलेली वाटी कायम समोर ठेवणं बंद करा आणि मोजून द्यायला लागा. पाच-सहा महिन्यांच्या पिल्लाची नसबंदी झाली असेल तर खाद्य वर्षापर्यंत पिल्लांचंच ठेवा, फक्त मोजून.

मोठ्या मांजराला नेमकं किती ग्रॅम?

मोबाइलचा कॅल्क्युलेटर घ्या. किलोतलं वजन तीनदा मांडून एकमेकांशी गुणा, मग वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा, मग ७० ने गुणा. ही मूलभूत गरज. चार किलोसाठी ४ × ४ × ४ = ६४, वर्गमूळ ८, पुन्हा वर्गमूळ २.८३, गुणिले ७० म्हणजे १९८ किलोकॅलरी. घरात राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या मांजरासाठी १.२ ने गुणा, नसबंदी न झालेल्यासाठी १.४ ने. आपल्या चार किलोच्या मांजराला २३८ किलोकॅलरी आल्या.

आता पाकिटावर १०० ग्रॅममध्ये किती किलोकॅलरी आहेत ते बघा. आकडा किलोमागे दिलेला असेल तर १० ने भागा. ३८० असतील तर दिवसाला ६२ ग्रॅम. याच हिशेबाने तीन किलोला ५०, पाच किलोला ७४ ग्रॅम. किंवा चार किलोच्या मांजराला एक ८० ग्रॅमचा पाउच, ज्यात साधारण ६५ किलोकॅलरी असतात, आणि ४५ ग्रॅम दाणे.

काही पाकिटांवर ऊर्जा छापलेलीच नसते. तेव्हा प्रथिनांचा टक्का ३.५ ने, स्निग्धांचा ८.५ ने आणि कर्बोदकांचा ३.५ ने गुणून बेरीज करा. कर्बोदकं म्हणजे १०० मधून प्रथिनं, स्निग्ध, तंतू, राख (म्हणजे खाद्यातली खनिजं) आणि ओलावा वजा केल्यावर उरतं ते. प्रथिनं ३२, स्निग्ध १२, तंतू ३, राख ८, ओलावा १० असेल तर कर्बोदकं ३५ आणि ऊर्जा १०० ग्रॅमला सुमारे ३३७ किलोकॅलरी. राखही दिली नसेल तर कोरड्या खाद्यात ७-८ धरा.

दाणे वाटीने मोजू नका, काट्यावर मोजा. वाटीत रोज पाच-सात ग्रॅमचा फरक सहज पडतो आणि लहान मांजरासाठी तो दहा टक्के असतो. चटकमटक खाऊ दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्शाच्या आत ठेवा आणि तेवढे दाणे कमी करा.

हा आकडा सुरुवातीचा आहे, खरा निकाल हाताला लागतो. बरगड्यांवरून तळवा फिरवा. बोटं न दाबता बरगड्या जाणवल्या, वरून बघताना कंबर दिसली, तर प्रमाण बरोबर. बरगड्या शोधाव्या लागत असतील तर दहा टक्के कमी करा. कणा आणि कमरेची हाडं टोचत असतील तर वाढवा, आणि वाढवूनही भरत नसेल तर तपासणी करा.

पाउचवर फक्त ८-९ टक्के प्रथिनं आणि दाण्यांवर ३२. मग पाउच निकृष्ट ना?

नाही, पाउचमध्ये पाणी आहे. ओलावा काढून तुलना करा. दाण्यांत १० टक्के ओलावा, म्हणजे ३२ ला ९० ने भागून सुमारे ३६ टक्के. पाउचमध्ये ८२ टक्के ओलावा, म्हणजे ९ ला १८ ने भागून ५० टक्के. पाउचच सरस ठरला.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाकिटावर संपूर्ण आणि संतुलित असं, तेही कोणत्या वयासाठी, लिहिलंय का ते बघा. पूरक आहार असं लिहिलेले ग्रेव्हीचे पाउच आणि क्रीमच्या नळ्या खाऊ म्हणून ठीक, त्यांवर मांजर ठेवू नका. ग्रेन-फ्री या शब्दासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही. मांजरांना अन्नाची अ‍ॅलर्जी धान्यापेक्षा बीफ, मासे, चिकन यांची जास्त आढळते.

कोरडं चांगलं की ओलं?

दोन्हीवर मांजर निरोगी राहू शकतं. पण मांजराला तहान कमी लागते आणि शिकारीतूनच पाणी घ्यायची त्याची पूर्वापार सवय. चार किलोच्या मांजराला खाण्यापिण्यातून मिळून दिवसाला साधारण २०० मिली पाणी लागतं. ३०० ग्रॅम ओल्या खाद्यातून २४० मिली मिळतं, तर ६२ ग्रॅम दाण्यांतून जेमतेम ६ मिली. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हा फरक फार मोठा आहे.

दाणेच द्यायचे असतील तर त्यांत कोमट पाणी घाला, दोन-तीन ठिकाणी पसरट, काठोकाठ भरलेली भांडी ठेवा, खाण्याच्या आणि शीच्या जागेपासून लांब. रोज पाणी बदला. शक्य असेल तर दिवसातलं एक जेवण ओलं करा.

बोक्यांच्या बाबतीत तर हा आग्रहच धरावा. त्यांची मूत्रनलिका अरुंद असते. बोका पुन्हा-पुन्हा ट्रेमध्ये बसतोय, कण्हतोय, थेंब येतोय किंवा काहीच येत नाही, असं दिसलं तर ती बद्धकोष्ठता समजून घरगुती उपाय करत बसू नका. लघवी अडली तर एक-दोन दिवसांत पोटॅशियम वाढून हृदय थांबतं. रात्र असली तरी निघा.

कोकणात आम्ही रोज मासेच देतो. चालेल?

शिजवून, काटे काढून, आठवड्यातून एक-दोनदा. फक्त माशांवर तीन प्रकारे घोटाळा होतो. तारली, मांदेली यांच्या कुळातल्या आणि इतरही काही कच्च्या माशांत थायमिनेज असतं. ते बी-१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. मांजराची मान खाली झुकते, ते झोकांड्या खातं, झटके येतात. शिजवल्यावर थायमिनेज निष्प्रभ होतं. दुसरं, तेलकट मासे सतत खाल्ल्याने ई जीवनसत्त्व कमी पडून अंगातली चरबी सुजते आणि स्पर्शही सहन होत नाही. तिसरं, काटा काढून दिलेल्या माशातही कॅल्शियमची तीच चिकनवाली अडचण. खारवलेलं सुकट आणि सुके बोंबील मिठासाठी टाळा.

कलेजी किती?

आठवड्यातून एकदा, एक-दोन चमचे. रोजच्या कलेजीने अ जीवनसत्त्व साठत जातं, मानेच्या मणक्यांवर हाड वाढतं आणि मांजराला मान वळवून अंग चाटताही येत नाही. हे नुकसान बहुतांशी भरून येत नाही.

कच्चं मांस नैसर्गिक आहे, मग का नको?

साल्मोनेला हे जिवाणू, टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी आणि आता बर्ड फ्लूचा विषाणू, यांच्यामुळे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. मांजरकुळाला हा विषाणू किती घातक आहे, हे त्यातून दिसलं. गोठवून ठेवल्याने काही परजीवी मरतात, जिवाणू आणि विषाणू तगतात. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा वृद्ध असतील तर कच्चं मांस आणूच नका. शिजवलेली हाडंही नकोत, ती टोकदार फुटतात.

रश्श्यातले तुकडे धुऊन दिले तर?

नको. कांदा-लसणाचा अर्क मांसात मुरलेला असतो, धुऊन जात नाही. कांदा मांजराच्या तांबड्या पेशी फोडतो. किलोमागे ५ ग्रॅम कांदाही पुरतो, म्हणजे चार किलोच्या मांजराला २० ग्रॅम, एका लहान कांद्यापेक्षाही कमी. सुकवलेली कांदा-लसूण पूड तर आणखी दाट. आपल्या भाजीत पडण्याआधीच, फक्त पाण्यात शिजवलेला तुकडा बाजूला काढा.

चॉकलेट, चहा-कॉफी, द्राक्षं-मनुका, मद्य, कच्चं आंबवलेलं पीठ हेही बंद. आणि ताप आलाय म्हणून पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, अर्धी गोळीही जीव घेते.

कुत्र्याचं खाद्य दिलं तर?

एखाद्या दिवशी चोरून खाल्लं तर काही होत नाही. रोज नको. त्यात प्रथिनं कमी असतात आणि टॉरीन घातलेलं असेलच असं नाही.

खाद्य बदललं की उलट्या, जुलाब होतात.

सात ते दहा दिवस घ्या. आधी पाव भाग नवं, दोन-तीन दिवसांनी अर्धं, मग पाऊण. मध्येच पोट बिघडलं तर एक पायरी मागे या. उपाशी ठेवलं की झक मारत खाईल, हा विचार मांजराच्या बाबतीत धोक्याचा आहे. त्याचं कारण पुढच्या उत्तरात आहे.

मांजर सहा किलोचं झालंय, वजन कसं उतरवू?

हळू. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात लोटली जाते, यकृत ती पेलू शकत नाही, कावीळ होते आणि मांजर दगावू शकतं. म्हणून खाणं एकदम तोडायचं नाही. मूलभूत गरजेच्या ८० टक्के द्या. सहा किलोला २६८ ची गरज, म्हणजे दिवसाला साधारण २१५ किलोकॅलरी. आठवड्याला ६० ग्रॅमच्या आसपास घट योग्य, १२० ग्रॅमच्या वर नको. साडेचार किलोवर यायला सहा महिने लागतील. नेहमीचंच खाद्य फार कमी केलं तर प्रथिनं आणि जीवनसत्त्वंही कमी पडतात, म्हणून वजन घटवण्यासाठीचं, प्रथिनं जास्त असलेलं खाद्य घ्या. त्यातलं ओलं खाद्य जास्त समाधान देतं. थोडे दाणे घरभर लपवून ठेवा, म्हणजे चालणंही होईल.

सात वर्षांनंतर सीनियर खाद्य सुरू करायलाच हवं का?

सक्ती नाही. सात ते दहा वर्षं हे प्रौढ वय, दहाच्या पुढे म्हातारपण. मधल्या वयात मांजर सुस्तावतं, तेव्हा कॅलरींवर नजर ठेवा. अकरा-बारानंतर उलट होतं. प्रथिनं आणि स्निग्ध नीट पचेनासे होतात, स्नायू झडतात, पाठीचा कणा वर दिसू लागतो. वय झालं म्हणून प्रथिनं कमी करू नका. निरोगी म्हाताऱ्या मांजराला ती जास्तच लागतात.

महिन्यातून एकदा वजन करा. चार किलोच्या मांजराचं २०० ग्रॅम वजन घटणं म्हणजे पाच टक्के, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. वखवखून खातंय तरी वाळतंय, असं असेल तर थायरॉइड आणि मधुमेह तपासा. ताटलीपाशी येऊन वास घेऊन परत जात असेल तर दात बघा. सात वर्षांनंतर वर्षातून एकदा आणि दहानंतर सहा महिन्यांनी रक्त-लघवी तपासणं योग्य.

मूत्रपिंड कमकुवत असल्याचं निदान झालंय. आता मांस बंद?

मुख्य शत्रू फॉस्फरस आहे. मूत्रपिंडासाठीच्या खास खाद्यात तो बराच कमी केलेला असतो आणि अशा आहारावर मांजरं जास्त काळ, बऱ्या अवस्थेत जगतात. मांस तोडून भात-दूध सुरू केलं तर स्नायू झपाट्याने झडतात. नवं खाद्य मळमळ चालू असताना किंवा सलाइनच्या दिवसांत सुरू करू नका. मांजर त्या वासाचा संबंध आजारपणाशी जोडतं आणि मग ते कायमचं नाकारतं. आधी औषधाने मळमळ थांबवा, मग तीन-चार आठवडे घेऊन बदला. शक्यतो ओलं, अंगाइतकं कोमट करून. काही केल्या खात नसेल तर जे खातं ते द्या आणि जेवणात मिसळायच्या फॉस्फरस बांधणाऱ्या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा. उपाशी राहण्यापेक्षा नेहमीचं खाणं केव्हाही बरं.

किती तास खाल्लं नाही तर काळजी करायची?

लहान पिल्लू १२ तास, मोठं मांजर २४ तास. त्यापुढे डॉक्टरांना फोन करा, ४८ तासांच्या पुढे कुठलंही कारण ऐकून थांबू नका. तोवर खाद्य कोमट करा, वास सुटला की भूक चाळवते. सर्दीने नाक बंद असेल तर ओल्या कापसाने पुसून मोकळं करा. सिरिंजने जबरदस्तीने भरवू नका. ठसका लागतो आणि अन्नाची धास्ती बसते. गरज पडली तर डॉक्टर नळीवाटे भरवतात आणि मांजरं ते आश्चर्य वाटावं इतकं नीट सहन करतात.

पावसाळ्यात दाणे मऊ पडतात, मुंग्याही लागतात.

दमट हवेत दाण्यांना बुरशी धरते आणि चरबी खवट होते. महिना-सव्वा महिन्यात संपेल एवढंच पाकीट आणा. दाणे डब्यात ओतू नका, पाकीटच तोंड घट्ट गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवा, म्हणजे तारीख आणि बॅच क्रमांकही हाताशी राहतो. मऊ पडलेले किंवा जुन्या तेलाचा वास येणारे दाणे उन्हात वाळवून देऊ नका, टाकून द्या. मुंग्यांसाठी ताटली पाणी भरलेल्या परातीत मधोमध ठेवा, मुंग्यांची पावडर जवळपासही नको. ओलं खाद्य उन्हाळ्यात तासाभराच्या वर बाहेर राहू देऊ नका. उघडलेलं पाउच झाकून फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतं. देताना गरम पाण्याच्या वाटीत पाच मिनिटं ठेवा.